चित्र नको, छेद मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका मोठ्या शहराच्या मध्यवर्ती भागात नदीकाठी नवा पादचारी पथ होणार आहे. नागरिकांच्या समितीसमोर आराखडा ठेवला गेला आहे आणि चित्रं सुंदर आहेत. पण असे काही काठ पाच वर्षांत ओस पडतात, तर काही चाळीस-चाळीस वर्षं गजबजलेले राहतात. हे कशामुळे होतं, आणि आराखडा मंजूर करण्याआधी समितीने त्यात नेमकं काय तपासावं?

नद्यांचे आणि बंदरांचे काठ आखण्याच्या कामात माझी वीसहून जास्त वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून आधी एकच सांगतो. रंगीत चित्रांवर चर्चा करत बसू नका, छेद मागून घ्या. काठाला काटकोनात एक रेघ मारून जमीन सरळ खाली कापली, तर बाजूने जे दिसेल ते रेखाटन म्हणजे छेद. तो पाण्यालगतच्या शेवटच्या इमारतीच्या दारापासून सुरू व्हायला हवा आणि पाण्याच्या तळाशी संपायला हवा. सादरीकरणात दाखवतात तो छेद बहुतेक वेळा पथाच्या कडेला सुरू होतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावर संपतो. काठ चालणार की नाही हे ज्या दोन टोकांवर ठरतं, नेमकी तीच कागदाबाहेर राहतात.

हे मी एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका नदीकाठाचं काम आमच्याकडे होतं. सादरीकरणाच्या चित्रात आम्ही पाणी पायऱ्यांच्या वरून तिसऱ्या टप्प्याला टेकलेलं दाखवलं होतं. तशी पातळी त्या नदीला वर्षातून जेमतेम तीन-चार महिने असे. काम पूर्ण झालं, उद्घाटन झालं, आणि पुढे उन्हाळ्यात पाणी अडीच मीटर खाली गेलं. सगळ्यात खालच्या पायरीपुढे चिखलाचा उतार उघडा पडला, त्यात अडकलेला कचरा दिसू लागला आणि वास यायला लागला. लोक यायचे, दोन मिनिटं थांबून परत फिरायचे. एका आजोबांनी मला सरळ विचारलं, ‘‘तुम्ही दाखवलेलं पाणी कुठे आहे?’’ तेव्हापासून मी छेदावर पाण्याच्या चार रेघा मारल्याशिवाय पुढे जात नाही: उन्हाळ्यातली सर्वांत खालची, नेहमीची, दरवर्षीच्या पुराची आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्यासमोरच्या छेदावर या चार रेघा नसतील तर बैठक तिथेच थांबवा.

आता तो छेद हातात घेऊन दारापासून पाण्याकडे चालत जाऊ.

दारातून बाहेर पडल्यावर पहिली गाठ पडते ती रस्त्याशी. जगातल्या बहुतेक जुन्या शहरांत पाणी आणि वस्ती यांच्यामध्ये एखादा मोठा वाहता रस्ता येऊन बसला आहे. तिथे पूर्वी धक्के, गोदामं, रेल्वेचे रूळ होते. ते हलले तेव्हा मोकळी, सरळ, सलग पट्टी आयतीच मिळाली आणि विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत तिच्यावर महामार्ग उभे राहिले. म्हणून ज्या काठांची नावं आज कौतुकाने घेतली जातात, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी खरं काम पाण्याजवळ झालंच नाही, ते रस्त्यावर झालं. अमेरिकेतल्या पोर्टलंडने १९७४ मध्ये नदीलगतचा हार्बर ड्राइव्ह बंद केला आणि तिथे उद्यान केलं. सॅन फ्रान्सिस्कोत एम्बार्काडेरोचा दुमजली उन्नत मार्ग १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झाला आणि १९९१ मध्ये तो पाडायला सुरुवात झाली. त्याच्यामागे दडलेली फेरी बिल्डिंग, म्हणजे बोटींच्या स्थानकाची जुनी इमारत, पुन्हा शहराला दिसू लागली आणि २००३ मध्ये तिथे बाजार सुरू झाला. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चंगग्येचन ओढ्यावरचा उन्नत मार्ग २००३ पासून उतरवला गेला आणि २००५ मध्ये जवळजवळ सहा किलोमीटरचा ओढा मोकळा झाला. सिएटलचा अलास्कन वे व्हायाडक्ट हा पाण्याकाठचा उन्नत मार्ग २०१९ मध्ये पाडला गेला. माद्रिदने नदीलगतचा वळणरस्ता जमिनीखाली घेतला आणि वर उद्यान केलं.

तुमच्या शहराला इतकं मोठं पाऊल उचलणं परवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण रस्ता तसाच ठेवून काठ सजवायचा असेल, तर रस्ता ओलांडण्याचा हिशेब तरी मांडायला लावा. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. या वेगाने ३६ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला ३० सेकंद लागतात. पण वयस्क माणूस किंवा लहान मुलाचा हात धरलेली आई ०.८ मीटरच्या वेगाने चालते. तिला ४५ सेकंद लागतात. हिरवा दिवा ३० सेकंदांचा असेल तर ती रस्त्याच्या दोन-तृतीयांश भागावर असतानाच गाड्या सुटतात. एकदा असं झालं की ती पुन्हा येत नाही, आणि ज्या काठावर आजी-आजोबा आणि लहान मुलं येत नाहीत तो संध्याकाळी सातनंतर कुणालाच सुरक्षित वाटत नाही. म्हणून रस्त्याच्या मध्ये थांबायला किमान दोन मीटर रुंद दुभाजक हवा, पादचाऱ्याला दिव्यासाठी फार ताटकळत ठेवू नये आणि ओलांडण्याच्या जागा जवळजवळ असाव्यात. दर दीडशे मीटरला एक, याहून लांब असतील तर लोक मधूनच धावत जातात. पादचारी पुलाचा पर्याय समोर आला तर मी त्याला ठाम विरोध करतो. पाण्याजवळ जाण्यासाठी आधी सहा मीटर वर चढायचं आणि मग तितकंच उतरायचं, हे एकदा कौतुकाने करतात, रोज कुणी करत नाही.

आणखी एक बघा. शहराच्या आतल्या गल्ल्या थेट पाण्याकडे येतात का? गल्लीच्या तोंडाशी उभं राहून दूरवर पाणी, निदान मोकळं आकाश दिसलं पाहिजे. बऱ्याच आराखड्यांत गल्लीच्या नेमक्या टोकाला तिकीटघर, विजेची खोली किंवा स्वच्छतागृह ठेवलेलं असतं, कारण कागदावर तीच जागा रिकामी दिसते.

रस्त्यानंतर येतो उतार. शहराची पातळी आणि पाण्याची पातळी यांत चार ते सात मीटरचा फरक असणं नेहमीचंच आहे. चढउतार १:१२ धरला, म्हणजे एक मीटर उतरायला बारा मीटर लांबी, तर चार मीटर उतरायला ४८ मीटरची रॅम्प, म्हणजे पायऱ्यांविना उतरण, लागते, मधले विसाव्याचे टप्पे धरून पंचावन्नच्या आसपास. ही लांबी सुरुवातीला छेदात आणि नकाशात धरली नाही, तर शेवटी कुठेतरी कोपऱ्यात लोखंडी जाळीची वळणावळणाची रॅम्प चिकटवली जाते आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला मागच्या दाराने आत घेतल्यासारखं होतं.

हा भाग चांगला कसा करता येतो ते बघायचं असेल तर शिकागोचा रिव्हरवॉक हा नदीकाठचा पथ बघा. तिथे नदीच्या दक्षिण काठावर वॅकर ड्राइव्ह हा दुमजली रस्ता १९२६ पासून आहे आणि त्याच्या पायथ्याशी चिंचोळी पट्टी उरली होती. नदी नौकावहनाची असल्यामुळे पात्रात फक्त २५ फूट पुढे सरकायला परवानगी मिळाली. एवढ्या जागेत रॉस बार्नी आर्किटेक्ट्स आणि सासाकी या वास्तुरचनाकार संस्थांनी प्रत्येक दोन पुलांमधल्या तुकड्याला वेगळा आकार दिला. एके ठिकाणी बोटी लागतात, एके ठिकाणी पाणी अगदी पायाशी येतं, आणि क्लार्क आणि लसाल या रस्त्यांच्या मधल्या तुकड्यात वरच्या रस्त्यापासून पाण्यापर्यंत घाटासारख्या रुंद पायऱ्या उतरतात. त्या पायऱ्यांच्या पोटातूनच रॅम्प तिरकी फिरत जाते. पायऱ्यांवर डबा उघडून बसलेल्यांच्या मधून बाबागाडी ढकलत माणूस खाली येतो, मधे झाडं लागतात आणि कुणालाच वळसा पडत नाही. आणि तुकडे जोडायचे कसे? पुलांचे खांब आडवे येत होते, म्हणून पथ पुलाखालून पाण्याच्या बाजूने काढला आणि वरून गळणारं पाणी डोक्यावर पडू नये म्हणून पुलाखाली छत बसवलं. यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे शेवटचं छत. पुलाखाली मान आखडून, थेंब चुकवत जावं लागलं असतं तर प्रत्येक पुलापाशी निम्मी माणसं मागे फिरली असती.

पायऱ्यांबद्दल एक गंभीर गोष्ट सांगितलीच पाहिजे. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री शांघायमध्ये ‘बंड’ नावाच्या नदीकाठच्या भागात चेंगराचेंगरी होऊन ३६ जणांचा जीव गेला. पाण्याकाठचा उंच चौथरा आणि खालचा चौक यांना जोडणाऱ्या जिन्यावर वर जाणारा आणि खाली येणारा लोंढा समोरासमोर आला. नदीकाठ म्हटलं की वर्षातून दोन-तीन रात्री अफाट गर्दी होणारच, मग ती रोषणाईची असो की सणाची. म्हणून प्रत्येक मोठ्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडण्याचे वेगळे मार्ग आहेत का, जिन्याच्या पायथ्याशी मोकळी जागा आहे का आणि गर्दीच्या दिवशी एकेरी वाहतूक लावता येईल का, हे आराखड्यातच विचारा. नंतर दोऱ्या बांधून ते साधत नाही.

आता पथावर आलो. रुंदीचं थोडक्यात सांगतो: चालायला निदान चार मीटर मोकळे, बसायला त्याच्या बाहेर वेगळी पट्टी, आणि सायकली जायच्या असतील तर त्यांचा मार्ग पूर्ण वेगळा, शक्यतो रस्त्याच्या पातळीवर. पाण्याकडे बघत रेंगाळणारा माणूस आणि वेगात जाणारी सायकल यांचं एका फरशीवर कधीच जमत नाही. सावलीसाठी झाडं हवीत, पण झाड कुंडीत नको. छेदात झाडाखाली माती किती खोल आणि किती रुंद दाखवली आहे ते मोजा. एक मीटर खोलीच्या काँक्रीटच्या पेटीतलं झाड दहा वर्षांनीही छत्रीएवढंच राहतं.

कठड्यावर मात्र मी सविस्तर बोलणार, कारण इथे फार थोड्या पैशात फार मोठं नुकसान करता येतं. सुरक्षेसाठी कठडा साधारण १.१ मीटर उंच लागतो. बाकाची बैठक ४५ सेंटिमीटरवर असते आणि बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर येतात. म्हणजे बसलेल्या माणसाच्या नजरेच्या जेमतेम दहा सेंटिमीटर खाली कठड्याची वरची कड आली. आता समजा कठडा भरीव भिंतीचा आहे, बाक त्याच्यापासून दोन मीटर मागे आहे आणि पाणी पथाच्या दोन मीटर खाली आहे. नजरेची रेघ कठड्याच्या कडेवरून काढली तर ती पाण्याला कठड्यापासून साठ मीटरहून पुढे टेकते. नदी साठ मीटर रुंद असेल तर त्या माणसाला पाणी दिसणारच नाही, समोरची भिंत दिसेल. एवढा खर्च करून आपण त्याला भिंतीसमोर बसवलं. तीन वर्षांच्या मुलाचे डोळे उभ्यानेही कठड्याखालीच राहतात, त्यामुळे त्याच्यासाठी नदी नाहीच.

यावर उपाय साधे आहेत. कठडा भरीव नको, बारीक उभ्या सळ्यांचा हवा. दोन सळ्यांमधलं अंतर दहा सेंटिमीटरच्या आत असावं, आणि आडव्या सळ्या टाळाव्यात, कारण मुलं त्यांची शिडी करतात. सळी गोल आणि बारीक हवी. पथाला काटकोनात बसवलेल्या चपट्या पट्ट्या समोरून बघितल्या तर नाजूक दिसतात, पण चालणारा माणूस पाण्याकडे तिरका बघतो आणि तिरक्या नजरेला त्याच पट्ट्या एकमेकींवर चढून सलग भिंत होतात. प्रत्यक्ष नमुना दोन मीटर लांबीचा करून घ्या, काठावर उभा करा आणि त्याच्या बाजूने चालत जाऊन पाण्याकडे बघा. मी प्रत्येक कामात हा हट्ट धरतो. बाक ठेवायचेच असतील तर ते एखाद्या पायरीवर, पथापेक्षा पंचेचाळीस सेंटिमीटर उंच ठेवा. मग कठडा आपोआप नजरेखाली जातो.

दिव्यांचंही तेच. उंच खांबावरचा झगझगीत पांढरा दिवा डोळ्यांत मारतो आणि पलीकडचं पाणी काळं ठिक्कर होतं. दिवे खाली, कठड्याच्या आत किंवा बाकाखाली असावेत आणि फरशीवर पडणारा उजेड पिवळसर असावा. मग पाण्यात समोरच्या काठाचं प्रतिबिंब दिसतं, आणि रात्री लोक मुख्यतः तेच बघायला येतात.

कठड्याच्या पलीकडे पाणी. इथे त्या चार रेघा कामाला येतात. माझा नियम असा आहे की दरवर्षीच्या पुराच्या रेघेखाली जे काही असेल ते बुडणार असं समजूनच बांधायचं. शिकागोत नदीची पातळी वर्षभरात सुमारे सात फुटांनी वरखाली होते, हे धरून तिथला पथ आखला गेला. तरीही मे २०२० च्या पावसात तो पाण्याखाली गेला, नंतर धुऊन पुन्हा चालू झाला. ब्रिस्बेनमध्ये २००३ साली नदीवर तरंगता पथ केला होता. जानेवारी २०११ च्या पुरात तो तुटला, आणि त्याचा एक मोठा तुकडा प्रवाहात वाहत निघाला तेव्हा एका टगबोटीने त्याला ढकलत समुद्राकडे नेलं, नाहीतर तो खालच्या पुलांवर आदळला असता. २०१४ मध्ये त्या जागी नवा पथ झाला तो खांबांवर, पक्का. हॅम्बर्गच्या हाफेनसिटी या बंदरालगतच्या नव्या वस्तीत इमारती समुद्रसपाटीपासून आठ मीटरच्या आसपास उंच चौथऱ्यांवर आहेत आणि पाण्यालगतचे पथ खालीच ठेवले आहेत. वादळी भरती आली की पथ बुडतात, माणसं वरच्या पातळीवरून ये-जा करतात. १९६२ च्या पुरात हॅम्बर्गमध्ये तीनशेहून जास्त माणसं दगावली होती, त्या शहराला याचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही. सोलमध्ये पाऊस कोसळला की ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं, म्हणून लोकांना वर काढून खाली उतरणाऱ्या वाटा बंद करतात.

बुडणार म्हटल्यावर बारीकसारीक प्रश्न विचारावे लागतात, आणि हे प्रश्न विचारणारा बैठकीत बहुधा कुणी नसतो. विजेची पेटी कोणत्या रेघेच्या वर आहे? दिव्यांच्या तारांचे जोड कुठे आहेत? पुरात वाहून आलेले ओंडके आणि जलपर्णी कठड्यात अडकतात तेव्हा त्याच्यावर पाण्याचा जोर भिंतीसारखा येतो. कठडा तेवढा भार घेईल की उपटून जाईल? काही ठिकाणी आडवा पाडता येणारा कठडा बसवतात, तो पाडायचा कुणी आणि कधी? टपऱ्या, खुर्च्या, कचऱ्याचे डबे उचलून न्यायला गाडी खाली येऊ शकते का? पूर ओसरल्यावर जो गाळ उरतो तो ओला असतानाच धुवावा लागतो. लोण्यासारखा मऊ, राखाडी गाळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सरकत जातो, पण दोन दिवस ऊन लागलं की त्याचे पापुद्रे फरशीच्या सांध्यांत घट्ट बसतात आणि मग खरवडत बसायची वेळ येते. म्हणून दर पन्नास मीटरला पाण्याचा नळ आणि फरशीला नदीकडे उतार हवा. सांधे जितके कमी, तितकं काम सोपं.

पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या मला मनापासून आवडतात, आणि त्यांचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. खालच्या आणि वरच्या पातळीच्या मधल्या ज्या पायऱ्या रोज ओल्या-कोरड्या होतात, त्यांच्यावर शेवाळ धरतं. आमच्या एका कामात तिथे तासून गुळगुळीत केलेला दगड बसवला होता, नमुन्याला सगळ्यांनी पसंती दिली होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक बाई तिथे पाय धुवायला उतरल्या आणि घसरल्या. शेजारी साखळी होती म्हणून हाताला आधार मिळाला. त्या पायऱ्या पुढे आम्ही छिन्नीने खडबडीत करून घेतल्या, कडेला रंगाचा पट्टा दिला आणि साखळीची शेवटची कडी पाण्याखाली अर्धा मीटर जाईल इतकी लांब केली. पाण्यात पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर यायला काहीतरी हाताला लागलं पाहिजे. शिड्या, साखळ्या आणि जीव वाचवणारी तरंगती कडी छेदावर आणि नकाशावर दाखवलेली असलीच पाहिजेत.

आता तळ. पाण्याखालच्या भिंतीचा पायथा प्रवाहाने झिजतो, आणि पथ वरून सुंदर दिसत असताना खाली पोकळी होत असते. जुनी भिंत ठेवणार असतील तर पाणबुड्यांकडून तिची तपासणी झाली आहे का, एवढंच विचारा. सिएटलने नवी समुद्रभिंत बांधताना आणखी पुढचा विचार केला. तिथे सामन माशांची पिल्लं किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून जातात, पण धक्क्यांखालच्या अंधारात शिरायला कचरतात. म्हणून पाण्यावर आलेल्या पदपथात काचेचे ठोकळे बसवले, त्यातून उजेड खाली उतरतो, आणि भिंतीचा चेहरा खाचाखोचांचा ठेवला म्हणजे शैवाल आणि शिंपले धरतील. वरून चालणाऱ्याला पायाखाली फक्त काचेच्या खिडक्या दिसतात.

पाण्याची प्रत या सगळ्यात खरं तर पहिली यायला हवी, कारण घाण पाण्याकाठी कितीही दगड लावले तरी माणूस थांबत नाही. छेदात भिंतीतून बाहेर पडणारे पाइप शोधा. प्रत्येक पाइपातून काय येतं आणि पावसात काय येतं ते विचारा. सिंगापूरने नदी स्वच्छ करण्याचं काम १९७७ मध्ये हाती घेतलं आणि ते दहा वर्षं चाललं. लोक तिथे रमले ते त्यानंतर. पॅरिसमध्ये सेन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. पावसात सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणून ऑस्टरलिट्झ भागात ५० हजार घनमीटरची भूमिगत टाकी २०२४ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात लोकांसाठी पोहण्याच्या जागा खुल्या झाल्या. काठावरचे रस्ते तर तिथे २०१३ आणि २०१६ मध्येच गाड्यांना बंद झाले होते. तुमच्या प्रकल्पात सांडपाण्याचा खर्च दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या योजनेत ढकलला असेल, तर त्या योजनेची तारीख मागा.

छेदात न दिसणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या: पैसा आणि माणसं.

बांधायला पैसा मिळतो, सांभाळायला मिळत नाही. शिकागोने रिव्हरवॉकसाठी केंद्र सरकारकडून सुमारे ९.९ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं आणि ते काठावरचं भाडं, बोटींच्या फेऱ्या यांसारख्या उत्पन्नातून फेडायचं ठरलं. पद्धत चांगली आहे, पण उत्पन्न सगळं दुकानांवर टांगून ठेवलं तर काय होतं ते अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या हार्बरप्लेस या बंदरकाठच्या बाजाराने दाखवलं. १९८० मध्ये तिथले दोन मंडप उघडले तेव्हा जगभरातली शहरं ते बघायला गेली आणि तसेच मंडप आपल्याकडे उभारू लागली. ते मुख्यतः बाहेरच्या पाहुण्यांच्या खरेदीवर चालले. पुढे गिऱ्हाईक ओसरलं, दुकानं रिकामी पडत गेली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्या मालमत्तेवर रिसीव्हर, म्हणजे ती ताब्यात घेऊन सांभाळणारा अधिकारी, नेमला. म्हणून देखभालीची रक्कम दरवर्षी अंदाजपत्रकात बांधून ठेवलेली हवी आणि दुकानांचं उत्पन्न त्यावर वरकड धरावं. रोज संध्याकाळी येणारा माणूस बहुतेक वेळा काहीच विकत घेत नाही. त्याच्यासाठी बाक, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह एवढं पुरतं, आणि त्याच्यामुळेच बाकीच्यांना तिथे यावंसं वाटतं.

माणसांचं सांगताना मला सोल आठवतं. चंगग्येचनच्या कडेला जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरत असे. काम सुरू झालं तेव्हा तिथल्या विक्रेत्यांना डोंगडेमुन स्टेडियममध्ये जागा दिली. काही वर्षांत ते स्टेडियमही पाडायचं ठरलं आणि २००८ मध्ये त्यांना पुन्हा दुसरीकडे नेलं. ओढा मोकळा झाला हे मी मनापासून चांगलं मानतो, आणि एकाच माणसाला दोनदा उठवलं हे तितक्याच मनापासून चुकीचं मानतो. तुमच्या काठावर आज कोण आहे, कपडे धुणारे, जाळी सुकवणारे, रात्री झोपणारे, गाडीवर विकणारे, यांची यादी कामाआधी करा आणि प्रत्येकाची जागा नकाशावर खुणेने दाखवायला लावा. नुसतं ‘पुनर्वसन करण्यात येईल’ हे वाक्य स्वीकारू नका.

पथ सलग राहण्याचा प्रश्न कायद्याचा आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात किनाऱ्यावरच्या लोकांच्या हक्काची परंपरा सतराव्या शतकापासूनची आहे आणि त्यावरचा आजचा कायदा १८६६ पासून आहे. त्याच्याच आधाराने तिथलं बॉस्टन शहर खासगी मालकांना पाण्यालगतचा पथ लोकांसाठी खुला ठेवायला लावू शकलं, म्हणून तिथला हार्बरवॉक कितीतरी मालकांच्या जमिनींवरून जातो. तुमच्याकडे मधला एखादा भूखंड खासगी असेल तर त्यावरचा जाण्या-येण्याचा हक्क आधी कागदावर घ्या. दोन किलोमीटरच्या पथात मधले ऐंशी मीटर बंद असले तर लोकांसाठी ते दोन वेगळे, तुटके पथ होतात.

पुढच्या बैठकीत एवढं मागा: दर दोनशे मीटरला एक छेद, दारापासून तळापर्यंत, चार रेघांसह. रस्ता ओलांडायला लागणारे सेकंद. कठड्याचा दोन मीटरचा नमुना. भिंतीतल्या पाइपांची यादी. आणि एका साध्या प्रश्नाचं लेखी उत्तर: पाणी कितव्या रेघेला पोचलं की खाली उतरणाऱ्या वाटांची फाटकं बंद होतील, ती कोण बंद करेल, आणि रात्री दोन वाजता त्या माणसाला फोन कोण लावेल.